पुरस्कार मिळालेल्या नाण्याला जास्त पैसे मोजावेत का?

पाचपाखाडीकर
नमस्कार मंडळी. वाशीतल्या एका विक्रेत्याकडे परदेशी टांकसाळीचं चांदीचं एक स्मारक नाणं बघितलं. प्रूफ आहे (संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत काढलेलं), कॅप्सूल आणि सर्टिफिकेटसकट. काम खरोखर सुरेख. पण त्याच टांकसाळीच्या, तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या नाण्यापेक्षा याचे जवळजवळ दुप्पट पैसे मागतोय. का, असं विचारलं तर म्हणाला, "याला डिझाइनचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. भाव वाढतच जाणार."

माझा संग्रह मुख्यतः भारतीय. मुंबई टांकसाळीचे प्रूफ आणि यूएनसी (चलनात न आलेल्या नाण्यांचे) संच, आणि घरात आलेली दहा रुपयांची जुनी चांदीची नाणी. परदेशी आधुनिक नाण्यांतलं मला फारसं कळत नाही, म्हणून थेट विचारतो. पुरस्कारामुळे नाण्याचा भाव वाढतो, की फक्त मागितलेला भाव वाढतो? कुणी असं नाणं घेऊन पुढे विकलं असेल तर जरूर लिहा. रविवारपर्यंत कळवतो म्हणून सांगितलंय त्याला.

सेक्टर_सतरा
तुमचा विक्रेता बहुधा 'कॉइन ऑफ द इयर'बद्दल बोलतोय. अमेरिकेतल्या क्राउझ प्रकाशनाने तो सुरू केला आणि १९८४ मध्ये पहिल्यांदा दिला. जगभरच्या टांकसाळींची नाणी त्यात येतात. सोन्याचं, चांदीचं, चलनातलं, द्विधातूचं, सर्वांत कलात्मक, ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचं असे गट असतात. परीक्षक आधी गटवार विजेते निवडतात आणि त्या विजेत्यांतून एक नाणं 'वर्षाचं नाणं' ठरतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, परीक्षक कला, कल्पकता, विषय बघतात, बाजार बघत नाहीत. दुसरी, नाण्यावरचं साल आणि पुरस्काराचं साल यांत साधारण दोन वर्षांचं अंतर असतं. म्हणजे निकाल लागेपर्यंत टांकसाळीची विक्री बहुतेक आटोपलेली असते.

आता पहिल्या दोन विजेत्यांकडे बघा, मला तर यातच उत्तर दिसतं. १९८४ चा मान मिळाला अमेरिकेच्या १९८२ च्या जॉर्ज वॉशिंग्टन अर्ध्या डॉलरला. वॉशिंग्टनच्या जन्माला २५० वर्षं झाली म्हणून काढलेलं नाणं. दर्शनी बाजूला घोड्यावरचा वॉशिंग्टन, मागे त्याचं माउंट व्हर्नन हे घर, डिझाइन एलिझाबेथ जोन्स यांचं. १९५४ नंतर अमेरिकेने काढलेलं हे पहिलंच स्मारक नाणं, त्यामुळे कौतुकही खूप झालं. पण विकली गेली किती? प्रूफ ४८ लाख ९४ हजारांवर आणि साधी २२ लाख १० हजारांवर. एकूण ७१ लाख. वजन साडेबारा ग्रॅम, चांदी ९० टक्के, म्हणजे शुद्ध चांदी सव्वा अकरा ग्रॅम. चाळीस वर्षं होऊन गेली, पण आजही ते चांदीच्या भावाच्या आसपासच मिळतं. चांदी वर गेली की वर, खाली आली की खाली. पहिलाच पुरस्कार, तोही इतिहासातला पहिला, आणि त्याचा भावावर मागमूस नाही.

पुढच्या वर्षीचा विजेता चीनचा १९८३ चा दहा युआनचा चांदीचा पांडा. २७ ग्रॅम, ९० टक्के चांदी. नाणी काढली फक्त दहा हजार. त्याला चांदीच्या भावाच्या कितीतरी पट किंमत मिळते. पुरस्कार एकच, वर्षं लागोपाठची, दोन्ही चांदीची. एकीकडे ७१ लाख, दुसरीकडे दहा हजार. फरक कशाने पडला हे उघड आहे.

घंटाळी_गल्ली
सेक्टर_सतरा, उदाहरण उत्तम, पण तुम्ही पुरस्काराला पूर्ण मोडीतच काढताय. मंगोलियाचं २००७ चं वुल्व्हरिन नाणं घ्या. ५०० तुग्रिक, चांदीचं, त्या प्राण्याचा चेहरा पूर्ण नाण्यावर पसरलेला आणि डोळ्यांच्या जागी स्फटिक. संख्या २,५००. २००९ मध्ये ते 'वर्षाचं नाणं' झालं आणि मग त्याचा भाव असा काही वर गेला की आज आपल्यासारख्यांनी त्याचा विचारही करू नये. तोवर मंगोलियाची नाणी किती लोक शोधत होते? पुरस्काराने ते नाणं जगभर पोचलं, हे मान्य कराल की नाही?

आणि त्यानंतर स्फटिकाचे डोळे बसवलेल्या प्राण्यांची रांगच लागली. टांकसाळींनाही पुरस्काराची किंमत कळली म्हणूनच ना?

सेक्टर_सतरा
मान्य, आणि मनापासून मान्य. वुल्व्हरिनच्या बाबतीत पुरस्काराने नक्की काम केलं. पण कुठलं काम केलं ते नीट बघू या. नाणी अडीच हजारच होती आणि आधीच लोकांच्या हातात गेली होती. निकाल लागल्यावर जगभरचे संग्राहक एकदम मागे लागले आणि नाणं द्यायला कुणी नव्हतं. मागणी दहापट झाली असेल नसेल, पुरवठा एकानेही वाढणार नव्हता. तिथे भाव उडणारच. हेच नाणं दोन लाख निघालं असतं तर चार महिने गाजलं असतं आणि पुढे शांत झालं असतं.

स्फटिकांच्या नाण्यांची रांग लागली हेही खरं. पण त्यातल्या किती नाण्यांनी वुल्व्हरिनसारखा भाव धरला? डोळे तेच, तंत्र तेच, नवलाई मात्र संपलेली.

माझं म्हणणं एवढंच, की पुरस्कार फक्त लोकांचं लक्ष वेधतो. नाणी कमी असतील आणि शोधणारे भरपूर असतील तर त्या लक्षाचे पैसे होतात. नाहीतर फक्त अल्बममध्ये शेजारी कात्रण लावायला होतं.

ऐरोलीची_मीरा
वाचतेय, छान चर्चा. पण एक शंका. १९८३ च्या पांडाचं श्रेय पुरस्कारालाही नको आणि फक्त दहा हजारांच्या संख्येलाही नको, असं मला वाटतं. दहा हजारांपेक्षा कमी संख्येची ढीगभर नाणी जगात पडून आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही. पांडाच्या मागे दोन गोष्टी आहेत. चीनमध्ये पैसा आला आणि तिथल्याच लोकांना आपली जुनी नाणी परत हवीशी वाटू लागली. आणि दरवर्षी पांडाचं चित्र बदलतं.

हे दुसरं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याचा पुरावाच आहे. २००२ मध्ये चीनने २००१ चंच चित्र पुन्हा वापरलं, म्हणजे चित्र कायमचं तेच ठेवायचा बेत होता. संग्राहक नाराज झाले आणि २००३ पासून पुन्हा नवीन चित्र सुरू झालं. बघा, इथे कुणी परीक्षक नव्हता, ट्रॉफी नव्हती. घेणाऱ्यांनीच ठरवलं की चित्र महत्त्वाचं आहे आणि टांकसाळीला मागे फिरावं लागलं. डिझाइनने मालिकेला बाजार मिळवून दिला, बक्षिसाचा तिथे संबंधच आला नाही. मी ग्राफिक डिझाइनमध्ये काम करते, म्हणून हे मला विशेष जाणवतं. चांगल्या डिझाइनची किंमत असते, पण ती पाच परीक्षकांच्या पत्रातून येत नाही. वर्षानुवर्षं लोक ते नाणं शोधत राहतात, त्यातून येते.

घंटाळी_गल्ली
मीराताई, हे पटलं. नाट्यस्पर्धेत पहिलं आलेलं नाटक वेगळं आणि गडकरी रंगायतनला महिनोन्‌महिने हाऊसफुल्ल चालणारं नाटक वेगळं. कधीकधी दोन्ही एकच निघतं, पण त्यावर पैसे लावू नयेत.

जांभळीनाका
दुकानाच्या आतल्या बाजूने लिहितो, कारण या धाग्यावर अजून कुणी ते लिहिलेलं नाही. ठाण्यात वडिलांपासून आमचा जुन्या नाण्यांचा व्यवहार आहे. माझ्याकडे येणारी माणसं काय मागतात? शिवराई, संस्थानिकांचे रुपये, ब्रिटिशकालीन रुपये, आणि आधुनिकमध्ये १९६४ पासूनची भारतीय स्मारक नाणी. नेहरूंच्या नाण्यांपासून क्रम लावून बसलेले कितीतरी आहेत. एखाद्या मिंटमार्कची (टांकसाळीच्या खुणेची) कमतरता राहिली तर वर्षभर फोन करत राहतात. शाळकरी मुलं १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं मागतात आणि ते हातात दिलं की चेहरे बघण्यासारखे असतात. त्या नाण्याला पुरस्कार मिळाला का, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

पुरस्कारप्राप्त परदेशी नाणं माझ्याकडे कुणी विकायला आणलं तर मी काय करतो ते सांगतो. आधी वजन, धातू, मग बाहेरच्या लिलावांत अलीकडे खरोखर किती मिळाले ते बघतो. मागितलेले भाव बघत नाही, व्यवहार झालेले बघतो. मग स्वतःला विचारतो, हे ठाणे-डोंबिवलीत कोण घेईल? बहुतेक वेळा उत्तर असतं, कुणी नाही. मग परदेशात विकायचं म्हटलं तर कुरियर, विमा, लिलावाचं कमिशन, कागदपत्रं. एवढं वजा जाता चांदीच्या भावापेक्षा थोडं वर एवढंच मी देऊ शकतो. नाणं आणणाऱ्याला राग येतो, पण मी तरी काय करणार?

म्हणून पाचपाखाडीकरांना सांगतो, त्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा. "हेच नाणं मी सहा महिन्यांनी परत आणलं तर तुम्ही कितीला घ्याल?" त्याने आकडा सांगितला नाही तर तुम्हाला कळेल.

पाचपाखाडीकर
सगळ्यांचे आभार. जांभळीनाका काका, तुमचा प्रश्न मी नक्की विचारणार.

आता एक पोटप्रश्न. आपल्या टांकसाळींच्या स्मारक नाण्यांबाबत काय? समजा उद्या मुंबई टांकसाळीच्या एखाद्या नाण्याला असा मोठा पुरस्कार मिळाला, तर आपल्याकडे तरी भाव हलेल का? आपलं ३५ ग्रॅमचं, ४४ मिलीमीटरचं नाणं बघून नेहमी वाटतं की काम कुणापेक्षा कमी नाही.

सेक्टर_सतरा
थोडा हलेल, काही दिवस. पण आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. टांकसाळ बऱ्याचदा बुकिंगची मुदत देते आणि मागणी येईल त्या हिशोबाने नाणी काढते. म्हणजे लोकप्रिय विषयाचं नाणं आपोआप जास्त निघतं. तिथे टंचाई होत नाही. आणि टंचाई नाही तिथे पुरस्कार काय करणार?

धातूकडेही बघा. आपल्या बऱ्याच वर्षांच्या चांदीच्या नाण्यांत चांदी निम्मीच असते. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. ३५ ग्रॅमच्या नाण्यात साडेसतरा ग्रॅम शुद्ध चांदी. खाली धातूचा आधार कमी, त्यामुळे वरचा भाव पूर्णपणे मागणीवर. २०१० चं तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं हजार रुपयांचं नाणं याला अपवाद. तेही ३५ ग्रॅमचंच, पण चांदी ८० टक्के, म्हणजे २८ ग्रॅम. शिवाय हजार रुपये दर्शनी मूल्याचं देशातलं पहिलं नाणं. त्याला मागणी टिकून आहे ती या 'पहिलं' असण्यामुळे. या नाण्याची पट बाजू भिंगाखाली बघितलीत का? विमानाचे (म्हणजे मंदिराच्या शिखराचे) थर एकेक मोजता येतात, कळसापर्यंत. इतकं काम असूनही घेणारा तुम्हाला सांगतो "पहिलं हजाराचं आहे का? मग द्या." कलाकाराला वाईट वाटेल, पण बाजार असाच बोलतो.



ऐरोलीची_मीरा
यात चलनातली नाणीही घालूया. २०१९ मध्ये जाहीर झालेली नवी मालिका अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केली. अंधांना हाताने ओळखता यावीत म्हणून आकार, वजन, कडा यांत विचारपूर्वक फरक ठेवला. वीस रुपयांचं बाराकोनी नाणं त्यातलंच. एखादं नाणं खिशात, न बघता, बोटाने ओळखून बघा, मगच कळतं त्या लोकांनी किती डोकं लावलंय. डिझाइन म्हणून मी त्याला कुठल्याही कॅप्सूलमधल्या नाण्यापेक्षा वर ठेवीन. आणि संग्राहक म्हणून त्याची किंमत? वीस रुपये.

उलट ब्रिटनचं २००९ चं क्यू गार्डन्सचं ५० पेन्स बघा. चलनातलंच नाणं, क्यू बागेच्या २५० वर्षांसाठी काढलेलं. निघाली दोन लाख दहा हजारच, ५० पेन्सच्या बाकीच्या नाण्यांच्या तुलनेत अगदी थोडी. ही बातमी बाहेर फुटली आणि सुट्ट्या पैशांतून लोक ते वेचू लागले. आज दर्शनी मूल्याच्या शेकडोपट भाव आहे. २०१९ मध्ये तेच चित्र प्रूफ म्हणून पुन्हा काढलं, पण २००९ सालचं ते वेगळं, नवं ते वेगळं, आणि जुन्याची मागणी काही आटली नाही. पॅगोडाचं चित्र सुंदर आहे यात वाद नाही. पण लोक धावले आकड्याकडे बघून.

घंटाळी_गल्ली
मग डिझाइनचं काहीच मोल नाही, असंच म्हणायचं का? मला ते मान्य नाही. क्यू गार्डन्सच्या दोन लाखांत पॅगोडाऐवजी नुसता एखादा आकडा असता तर लोक तेवढे मागे लागले असते?

ऐरोलीची_मीरा
नसते लागले, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. कमी संख्या असलेल्या नाण्यांतली सुंदर नाणी पुढे जातात, कुरूप मागे राहतात. हे मी स्वतःच्या संग्रहात बघतेय. पण ते सुंदर आहे की नाही, हे बघायला पुरस्काराची गरज नाही. डोळे आहेत की आपल्याला. पुरस्काराची यादी माझ्यासाठी उपयोगाची आहे ती एवढ्यासाठीच, की जी टांकसाळ मी कधी बघितलीच नसती तिच्या नाण्याकडे माझं लक्ष जातं. यादी वाचावी, नाणी बघावीत, आवडलं तर त्याची संख्या किती, चांदी किती, हे शोधावं आणि मग बाकीचं ठरवावं. नाण्याच्या शेजारी "पुरस्कारप्राप्त" अशी पाटी बघून पाकीट उघडू नये.

नेरूळचे_आजोबा
तरुण मंडळी, एक गोष्ट राहतेय. नाण्याला पुरस्कार असो वा नसो, तुमच्या हातात त्याची अवस्था कशी राहते यावर शेवटी पैसे मिळतात. आपल्या खाडीकाठच्या हवेत चांदी फार लवकर काळवंडते. माझ्याकडे १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं आहे, ८० टक्के चांदीचं, १५ ग्रॅमचं. एका शेजाऱ्याने त्याच सालचं स्वतःचं नाणं चिंच लावून घासून चकचकीत केलं आणि अभिमानाने दाखवायला आणलं. गांधीजींच्या चेहऱ्यावर बारीक बारीक ओरखडे, नाण्याची मूळची चमक गेलेली. अशा नाण्याला बारा ग्रॅम चांदीचे पैसे मिळतील, संग्राहकाचे नाहीत. प्रूफ नाणं असेल तर आणखी वाईट. चित्रामागची त्याची सपाट पार्श्वभूमी आरशासारखी असते, एकदा बोट लागलं की तो ठसा कायमचा.

आणि ते स्वस्तातले मऊ प्लास्टिकचे खिसे असतात ना अल्बममध्ये, ते वापरू नका. पीव्हीसी असतं. पावसाळ्यात त्यातून चिकट हिरवट थर येतो आणि नाण्याला चिकटतो. कडक कॅप्सूल घ्या, आत सिलिका जेलची पुडी, आणि डबा लोखंडी कपाटात बाहेरच्या भिंतीपासून दूर. हात लावायचाच असेल तर कडेने धरा.

जांभळीनाका
आजोबांना +१. चिंच लावलेली नाणी माझ्याकडे आठवड्यातून येतात. पाचपाखाडीकर, त्या विक्रेत्याचं नाणं घेणार असाल तर कॅप्सूलमध्ये पांढरे डाग आलेत का ते तिरप्या उजेडात बघा. आधुनिक शुद्ध चांदीच्या नाण्यांवर दुधासारखे डाग येतात, आणि ते आले की पुरस्कार वगैरे सगळं बाजूला राहतं.

पाचपाखाडीकर
आज गेलो होतो वाशीला. डाग नाहीत. संख्या सर्टिफिकेटवर छापलेली होती, पंचवीस हजार. परत कितीला घ्याल हे विचारलं. तो म्हणाला, "बघू, त्या वेळी." त्याच टांकसाळीचं दुसरं नाणं, पुरस्कार नसलेलं, तेवढ्याच चांदीचं, संख्या त्याहून कमी. मला तर हेच जास्त आवडलं. एक पक्षी, पंख पसरलेला, पिसांचं काम इतकं बारीक की त्याच्या दुकानातलं भिंग मागून घ्यावं लागलं. तेच घेतलं, जवळजवळ अर्ध्या पैशांत.

जांभळीनाका
उत्तम केलंत. पावती नीट ठेवा, सर्टिफिकेटच्या मागे टाचणी मारू नका, गंजतं. आणि फोटो टाका इथे, पिसांचा जवळून.